आदी उपस्थित होते

गुरुवार, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. शेलूरच्या बाजार चौकात बैलगाडीवर बांधलेली मोटरसायकल दोर सुटून खाली आली आणि बंदोबस्तावरच्या एका शिपायाच्या डाव्या पायावर पडली. पाय घोट्याच्या वर मोडला. पंचनाम्यात वेळ हीच आहे.

पेट्रोल आदल्या रात्री बारापासून पाच रुपयांच्या वर महागलं होतं. त्या वर्षातली ती तिसरी वाढ, आणि बाळूभाऊ लांडे यांच्या पक्षाचं तिसरं आंदोलन. पहिल्या वेळी त्यांनी मोटरसायकली ढकलत तहसीलवर नेल्या होत्या. दुसऱ्या वेळी पंपावरच्या मशीनला हार घातला होता. तिसऱ्या वेळी बैलगाडी. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला आणि बैल बिथरले.

शुक्रवारच्या अंकात पान पाचवर बातमी आली. मी तेव्हा शेलूरचा वार्ताहर होतो, पेपरची एजन्सीही माझ्याकडेच. बातमीच्या शेवटी अकरा नावं होती आणि पुढे 'आदी उपस्थित होते'. आठवं नाव विश्राम इंगोले.

शनिवारी सकाळी ठाण्यातून निरोप आला. सोळंके जमादार टेबलाशी बसले होते. समोर कोऱ्या कागदावर माझ्या बातमीचं कात्रण चिकटवलेलं, नावांखाली लाल रेघा.

"या उमाळे साहेब, बसा. काय बातमी लिहिली राजा! आमचं काम अर्धं करून टाकलं."

"कसं?"

"आरोपी शोधायले गावभर फिरा लागलं असतं. तुमी यादीच देल्ली."

भिंतीजवळच्या बाकावर विश्राम बसला होता. पांढरा शर्ट, बोटांना शाईच्या फितीचे काळे डाग. तहसीलसमोर टपरीत तो टंकलेखन करायचा. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं. त्याच्या कागदात खाडाखोड नसायची, म्हणून लोक त्याच्याकडे रांग लावायचे.

तो उभा राहिला. "जमादार साहेब, मी नव्हतो तिथं. कितीकदा सांगू?"

"मंग कुठं होता?"

"जिल्ह्याले. नोकरीचे कागदं द्यायचे होते. ही पोच."

जमादारांनी पोच उलटसुलट करून पाहिली. "तारीख आहे. वेळ कुठं आहे?"

"वेळ टाकतच नाहीत ते."

"मंग सकाळी कागदं देल्ले असतीन अन् संध्याकाळी येऊन बैल हाकले असतीन."

"तिथल्या बाबूले विचारा न साहेब."

"विचारलं. फोन केला मी. तो म्हणते दीडशे जण आले होते, कोण कवा आला काय माहीत."

"अन् बाळूभाऊले विचारा. ते सांगतीन मी नव्हतो म्हणून."

"आरोपीनं आरोपीची साक्ष देल्ली त ते धरते कोण?" जमादार माझ्याकडे पाहून हसले. "हुशार माणूस आहे, पण कायदा टाइप करते, वाचत नाही."

विश्राम हसला नाही. कनिष्ठ लिपिकाच्या निवड यादीत त्याचं नाव लागलं होतं. वय सदतीस, वयाची अट संपायला चार महिने. कागदपत्रं झाली होती. पोलिसांची चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती. आणि ती याच टेबलावरून जाणार होती. गुन्ह्यात सरकारी कामात अडथळ्याचं कलम लागलं होतं.

"बरं," जमादार म्हणाले, "गेला कशानं होता?"

"गाडीनं. माझ्या."

"एकटाच?"

"नाही. फळ्यावर एक जागा लिहिली होती. मागं बसून एक जण आला."

फळा गावाला माहीत होता. पहिल्या दरवाढीच्या आंदोलनात विश्राम खरोखरच गेला होता, मोटरसायकल ढकलत. परत येऊन म्हणाला होता की दोन किलोमीटर ढकलली, दर काही हलला नाही. दुसऱ्या वाढीनंतर त्यानं शाळेतला एक जुना फळा आणून टपरीला टांगला. जिल्ह्याला किंवा आसपासच्या गावांना गाडी नेणाऱ्यानं फळ्यावर नाव, गाव, वेळ आणि किती जागा रिकाम्या ते लिहायचं. ज्याला जायचं त्यानं पुढे येऊन उभं राहायचं. पैसे घ्यायचे नाहीत, फक्त पाळी. आज माझी गाडी, उद्या तुमची. महिनाभरात शिक्षक, ग्रामसेवक, दवाखान्यातली मंडळी असे चाळीस-पन्नास जण त्यात आले. दोन पंपवाले विश्रामशी बोलेनासे झाले. रोज सकाळी सात वाजता तो स्वतः फळा पुसायचा. गुरुवारचा फळा त्यानं शुक्रवारी सकाळी पुसला होता, पेपर हातात पडण्याआधी.

"कोण होतं मागं?" जमादारांनी पेन उचललं.

विश्रामनं टेबलावरची पोच उचलून खिशात ठेवली. "त्याचं त्यानं सांगावं. मी नाव घेतलं त तुमी म्हणसान, शिकवून आणला."

"मंग आण त्याले."

"येईन तो."

जमादारांनी माझ्याकडे मोहरा वळवला. "तुमी सांगा. होता का हा तिथं?"

"नावं पक्षाकडून येतात," मी म्हणालो.

"म्हणजे होता का नव्हता?"

"गर्दी होती."

जमादारांनी ते लिहून घेतलं. माझ्या जबाबात ते दोन शब्द आहेत. खाली माझी सही आहे.

बाहेर पडलो तेव्हा विश्राम ठाण्याच्या पायऱ्यांवर थांबला होता. शेजारी त्याची मोटरसायकल, हँडलला टंकलेखनाच्या कागदांची पिशवी.

"उमाळेभाऊ," तो हळू आवाजात म्हणाला, "गर्दी होती हे तुमाले कसं माहीत? तुमी त माझ्या मागं बसले होते."

ते खरं होतं.

गुरुवारी दुपारी तीनला बाळूभाऊ चहाच्या टपरीवर भेटले होते. त्यांनी दोन कप सांगितले. "पाचले निघतो चौकातून. बैलगाडी आहे या खेपेले, फोटो झकास येते. पण तुमचं पान लवकर जाते म्हणता?"

"साडेसहाला."

"मंग लिहूनच टाका न. काय वेगळं होनार आहे? घोषणा त्याच, निवेदन तेच. तहसीलदार म्हणतीन, वर पाठवतो."

"नावं?"

"मागची यादी हाय ना तुमच्याजवळ? तीच टाका. कोणाचं राह्यलं की फुगून बसते."

हे आमच्याकडे नेहमीचं होतं. तालुक्याच्या पानावर आंदोलनाच्या बातमीत किमान दहा नावं हवीत, असा कार्यालयाचा अलिखित नियम होता. ज्याचं नाव येतं तो अंक विकत घेतो, आणि पाहुण्यांना दाखवायला आणखी दोन घेतो. मी साडेतीनला इंटरनेट कॅफेत बसलो, पहिल्या आंदोलनाची बातमी काढली, दर बदलला, वार बदलला, मोटरसायकली काढून बैलगाडी घातली. नावांना हात लावला नाही. 'आंदोलन शांततेत पार पडले' असं लिहिलं आणि तीन वाजून पंचावन्न मिनिटांनी पाठवून दिलं.

मला पाच वाजता जिल्ह्याला पोचायचं होतं. संपादकांनी बोलावलं होतं. नऊ वर्षं मी मानधनावर होतो. कार्यालयात उपसंपादकाची एक जागा निघाली होती. माझी स्कूटर होती, पण आदल्या रात्रीच पेट्रोल वाढलेलं. बेचाळीस किलोमीटर जाऊन येऊन करायचं जिवावर आलं. फळ्यावर लिहिलं होतं: इंगोले – जिल्हा – चार वाजता – एक जागा. मी पुढे जाऊन उभा राहिलो.

वाटेत तो मान थोडी मागे वळवून मोठ्यानं बोलत होता.

"दोघं बसलो त गाडी जास्त पेट्रोल खाते का भाऊ?"

"थोडं खात असेल."

"थोडंच. मंग एक गाडी घरी राह्यली ना? असं शंभर जणांनी केलं त पंपवाला येऊन विचारीन, काय झालं बाप्पा गावाले."

"दर त्यानं उतरणार नाहीत, विश्राम."

"ते नाही उतरत. आपण उतरतो न गाडीवरून." मग जरा थांबून, "तुमी गेले नाही आज बैलगाडीले?"

"पाठवली बातमी."

"पाठवली? निघाली बी नसीन अजून." तो खूप हसला. त्या हसण्यात टोमणा नव्हता. "ऐकलं होतं मी, पण खोटं वाटे. अन् परतीले माझी वाट पाहू नका. तुमची पाळी राह्यली एक, लक्षात ठेवा."

पाचला त्यानं मला कार्यालयाच्या दारात सोडलं आणि कागद द्यायला पुढे गेला. त्या अकरा नावांत त्याचं नाव होतं हे मला त्या तासाभरात एकदाही आठवलं नाही.

ठाण्याच्या पायऱ्यांवर तो पुढे म्हणाला, "बातमीत शिपायाचा पाय मोडल्याचं आहे. म्हणजे तुमाले फोन आला होता."

"बाळूभाऊंचा. पावणेसहाला."

"मंग तेव्हाच नाव काढता नव्हतं येत?"

"पान सुटत होतं. पायाचं तेवढं घालता आलं."

त्यानं ते मानलं. पिशवीतून एक कागद काढला. टाइप केलेला, चार ओळींचा, एकही खाडाखोड नाही. 'दिनांक अमुक रोजी सायंकाळी चार ते पाच या वेळेत मी श्री. विश्राम इंगोले यांच्या मोटरसायकलवरून जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. सबब ते व मी आंदोलनस्थळी नव्हतो.' खाली सहीसाठी जागा आणि माझं पूर्ण नाव.

"तुमाले त्रास होईन, ठाऊक आहे," तो म्हणाला. "म्हणून आत नाव नाही घेतलं. पण माझी पडताळणी पंधरा दिवसांत जाते."

"सोमवारी सही करून देतो," मी कागद घेत म्हणालो.

"सोमवारी नक्की?"

"नक्की."

सोमवारी मी जिल्हा कार्यालयात उपसंपादक म्हणून हजर झालो. संपादकांनी गुरुवारीच, सात वाजता, नेमणुकीचं पत्र हातात ठेवलं होतं. पत्र देताना म्हणाले होते, "तुमच्या बातमीत कधी खुलासा छापावा लागला नाही. ते मी पाहिलं." शेलूरची एजन्सी मी मेव्हण्याच्या नावावर केली. विश्रामचा दोनदा फोन आला. पहिल्यांदा मी म्हणालो, वकिलाला विचारून सांगतो. दुसऱ्यांदा फोन उचलला नाही.

पंधरा दिवसांनी शेलूर ठाण्यातून अहवाल गेला: 'गुन्हा दाखल, तपास सुरू.' यादीतलं पुढचं नाव घेतलं गेलं. चार महिन्यांनी विश्रामचं अडतिसावं वर्ष संपलं, आणि वयाची अटही.

यानंतर विश्रामनं कोर्टात किंवा ठाण्यात कुठेही माझं नाव घेतलं नाही. का, हे मी त्याला विचारलेलं नाही.

चार वर्षांनी सरकारनं आंदोलनांमधले खटले मागे घ्यायचं ठरवलं. ज्याला हवं त्यानं अर्ज करायचा होता. अर्जातलं पहिलं वाक्य ठरलेलं होतं: 'मी सदर आंदोलनात सहभागी होतो.' दहा आरोपींनी अर्ज केले. दहाही अर्ज विश्रामनं टाइप केले. पुढचं मला बाळूभाऊंनीच सांगितलं, पंचायत समितीच्या निवडणुकीच्या बातमीसाठी फोन केला तेव्हा.

"मी म्हटलं त्याले, अबे, अकरावा बी टाइप कर अन् मोकळा हो. त म्हणते, मी नव्हतो त सहभागी होतो असं कसं लिहू? मी म्हटलं, आमी तरी कुठं सगळे होतो? तिसऱ्या नंबरचा भोयर त्या दिवशी साळीच्या लग्नात होता. त्यानं त वरून निवडणुकीच्या पत्रकात छापलं, जनतेसाठी गुन्हे अंगावर घेतले म्हणून!"

"मग विश्राम काय म्हणाला?"

"काय म्हणते! भोयरचं पत्रक बी मीच टाइप केलं, म्हणते. पक्का हेकेखोर. नोकरी गेली, आता केस बी एकट्याच्या गळ्यात."

दहा जण सुटले. खटला एका आरोपीवर उरला. साक्षीदारांत जखमी शिपाई पहिला. तो निवृत्त होऊन गावी गेला होता. त्यानं येऊन सांगितलं की गर्दी खूप होती, कोण कोण होतं ते आठवत नाही. दुसरा पंच. त्यानं सही आपलीच असल्याचं सांगितलं, बाकी काही नाही. विश्राम तिथं होता याला कात्रणाखेरीज पुरावा राहिला नाही. तिसरा साक्षीदार, कात्रण खरं असल्याचं सांगण्यासाठी, मी.

समन्स या वर्षी आलं. बारा वर्षं झाली आहेत.

एक गोष्ट विश्रामला तेव्हा माहीत नव्हती आणि अजूनही नसावी. बाळूभाऊंचा फोन पावणेसहाला आला तेव्हा पान जायला पाऊण तास होता. ते टेबलावर होतं. मी पानावर बसलेल्या उपसंपादकाच्या शेजारी उभा राहिलो, 'शांततेत पार पडले' काढायला सांगितलं आणि शिपायाच्या पायाचा मजकूर तोंडी दिला. त्यानं तो घातला. मग त्यानं विचारलं, "नावं तीच ठेवू?" नावं पडद्यावर दिसत होती. आठवं मला दिसलं. ते काढलं असतं तर बाकीची कुठून आली, असं त्यानं विचारलं असतं, आणि आतल्या खोलीत संपादक माझी वाट पाहत होते. मी म्हणालो, "तीच ठेवा."

नऊ तारखेला मी शेलूरला गेलो. अकराला पुकारा होणार होता. दोन वाजेपर्यंत बसलो. न्यायाधीश रजेवर असल्याचं कोर्टाच्या शिपायानं येऊन सांगितलं आणि पुढची तारीख फलकावर लागली, अठ्ठावीस. विश्राम कठड्याजवळ उभा होता. कानावरचे केस पांढरे झाले होते. त्यानं तारीख हातावर लिहून घेतली आणि गेला.

गाडी तहसीलसमोर लावली होती. तिथेच त्याची टपरी आहे. आता टंकलेखन यंत्राच्या जागी कॉम्प्युटर आणि प्रिंटर. फळा तोच, कडेनं नवा रंग दिलेला. त्यावर सात-आठ ओळी होत्या. पेट्रोल आता शंभरावर जाऊन वर्षं झाली. आंदोलन शेवटचं कधी झालं ते मला फाइल काढून पाहावं लागेल.

"चहा घेता?" त्यानं विचारलं.

"नको. निघतो."

"एकटेच आले गाडीत?"

"हो."

"चार जागा मोकळ्या आहेत."

"हो."

त्यानं खडू उचलला. "तुमची पाळी राह्यली आहे एक. बारा वर्षं झाले. लिहू का नाव?"

मी खिशातून गाडीची किल्ली काढली.

"विचारून लिहितो मी," तो म्हणाला. "नाही म्हटलं त नाही लिहिणार."

दोन माणसं फळ्यापुढे येऊन वाचत उभी होती. एका बाईच्या हातात दवाखान्याची फाइल होती.

"लिहा," मी म्हणालो.

त्यानं लिहिलं: उमाळे – जिल्हा – चार वाजता – चार जागा. अक्षर अजून छापल्यासारखं आहे. मग खडू ठेवून तो कॉम्प्युटरवर बसला. साक्षीत काय सांगणार, हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. चार ओळींचा तो कागद माझ्या पाकिटात होता. सहीची जागा कोरी आहे.

चार वाजेपर्यंत तिघं आले. फाइलवाली बाई, तिचा भाऊ आणि एक शिक्षक. चौथी जागा रिकामी राहिली. पुढची तारीख अठ्ठावीस.